‘पुढे’ म्हणजे कुठे?

माझ्या धंद्यात नम्रपणा फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून मी तो शिकलेच नाही. मी ग्राफिक डिझायनर आहे आणि चांगली आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण चांगलं डिझाइन कोणाच्या लक्षातच येत नाही. भाजीत मीठ बरोबर पडलं, तर जेवणारा मिठाचं नाव काढतो का? तसंच हे. पान वाईट जमलं की लोक माझ्या नावाने खडे फोडतात आणि चांगलं जमलं की आपलं काम उरकून निघून जातात. निघून जाणारी माणसं हीच माझी पावती.

तर डोळ्यांच्या हॉस्पिटलची वेबसाइट माझ्याकडे आली, तेव्हा मी मनातून नाचलेच. ज्यांना नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी पान करायचं! याहून अवघड आणि याहून मजेचं काम कोणतं असणार?

हॉस्पिटलच्या मॅनेजरला मात्र जत्रा हवी होती. वर सत्कारात हार घातलेल्या संचालकांचा फोटो, त्याखाली ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ अशी सरकत जाणारी ओळ आणि उरलेल्या जागेत मिळतील तेवढी चित्रं.

“मॅडम, इथे बघा, ही एवढी जागा रिकामी राहिलीय,” तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला.

“राहिलेली नाही. ठेवलीय.”

“पण काहीतरी टाकता येईल ना?”

“टाकता तर कचराही येईल.”

मला तोंड सांभाळता येत नाही असं आमची आई म्हणायची, ते खरंच आहे. पण त्या रिकाम्या जागेसाठी मी कोणाशीही भांडेन. आपली लिपी अंगाने भारी आहे. तिला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. ओळी दाटीवाटीने बसवल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत पाय अडकवतो आणि चांगल्या डोळ्यांचा माणूसही ठेचकाळतो. मग डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्याने काय करायचं? मी ओळी ऐसपैस बसवल्या. अक्षरं जाड आणि गडद घेतली. एका पानावर एकच प्रश्न ठेवला. कोणता डोळा? कोणता वार? किती वाजता? आणि बटणं हिरवी. त्या हिरव्यासाठी मी किती डोकं खाजवलं ते माझं मला ठाऊक. पोपटी उथळ वाटत होता, शेवाळी आजारी वाटत होता. शेवटी एक असा सापडला की बघताच बोट लावावंसं वाटेल. मी त्या हिरव्याच्या प्रेमात होते म्हटलं तरी चालेल.

आमच्या घरातही एक मोतीबिंदू होता. माझे सासरे, म्हणजे बाबा. आयुष्यभर बस चालवली त्यांनी. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. असा माणूस हल्ली पायरी उतरताना चाचपडायचा, आणि माझा नवरा लगेच धावत जाऊन त्यांचा दंड धरायचा. प्रेमानेच हो. पण बाबांना ते प्रेम सोसत नव्हतं.

“मला काय गाठोडं समजतोस का रे?” ते हात झटकत. नवऱ्याचं धरणं चालूच राही. औषधं तो काढून देई, फोन तो लावून देई, बँकेचं तो बघे. परवापरवा तर बाबांच्या ताटातलं तोच कुस्करायला निघाला होता.

ऑपरेशन ठरायची वेळ आली, तेव्हा बाबांनी पैज लावली. माझी वेबसाइट लोकांसाठी सोमवारी उघडणार होती. आतून सगळं तयार होतं, नुसती चाचणी चालली होती.

“सूनबाईने केलंय ना ते? मग मी माझी नोंदणी त्यावर स्वतः करणार,” त्यांनी मुलाला सुनावलं. “जमलं, तर यापुढे मी बोलावल्याशिवाय माझा हात धरायचा नाही. नाही जमलं, तर तू म्हणशील तिथे गुमान बसेन.”

“चालेल,” नवरा म्हणाला. त्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

सोमवारपूर्वी एकदा तालीम करून बघू, म्हणून मी चाचणीचं पान बाबांच्या फोनवर उघडून दिलं आणि समोर बसले. माझा एक नियम आहे. माझं पान कोणी वापरत असलं की मी जीभ दातांखाली धरते. पान माझ्याशिवाय बोललं पाहिजे. मी काही प्रत्येकाच्या घरी जाऊन बसणार नाही.

बाबा मोठ्याने वाचत चालले होते. “कोणता डोळा? उजवा. दाबला. कोणता वार? बुधवार आहे. घ्या बुधवार. किती वाजता? दहा. अरे, हे तर सोपं आहे की!”

मी गालात हसले. नवरा दारात उभा राहून बघत होता.

मग शेवटचं पान आलं. वर लिहिलं होतं, ‘तुमची वेळ: बुधवार, सकाळी १०’. त्याखाली दोन बटणं होती. एकावर ‘मागे’, दुसऱ्यावर ‘पुढे’. ‘पुढे’ दाबलं की झाली नोंदणी.

बाबांचं बोट हवेत थांबलं. ते एकदा या बटणावर गेलं, एकदा त्या. मग त्यांनी ‘मागे’ दाबलं. वारांचं पान परत आलं, आणि त्यावर सगळ्यांत जवळचा वार बुधवारच होता. त्यांनी पुन्हा बुधवार घेतला, पुन्हा दहा, आणि पुन्हा ‘मागे’. पुन्हा तेच. शेवटी त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

“नाही जमत,” ते म्हणाले. भांडण्याच्या सुरात म्हणाले असते तर मला चाललं असतं. ते अगदी हळू म्हणाले.

“द्या इकडे,” नवरा पुढे आला. “मी फोन करून वेळ घेतो. असू दे बाबा, वय झालं की व्हायचंच.”

माझं टाळकं सरकलं. “वयाला कशाला मध्ये आणतोस? हात लावू नकोस त्या फोनला!” मग आवाज खाली आणून मी विचारलं, “बाबा, तुम्ही ‘मागे’ का दाबलंत?”

“अगं, बुधवार लांब आहे. म्हटलं वेळ जरा मागे घ्यावी, मंगळवारचं बघावं.”

“आणि ‘पुढे’?”

“ते दाबायची छातीच झाली नाही बघ. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी आधीच ऑपरेशन पुढे ढकललंय. आता मी माझ्या हाताने आणखी पुढे ढकलू? आंधळा होईपर्यंत थांबू की काय?”

मी कपाळावर हात मारून घेतला.

परीक्षा पुढे जाते. लग्न पुढे ढकललं जातं. निकालाची तारीख पुढे पडते. आपल्या भाषेत तारखेच्या शेजारी ‘पुढे’ आला की तो वाट बघायलाच लावतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाकीच्या पानांवर ‘पुढे’ बिचारा निमूट उभा होता. तारखेखाली आला आणि उलटला. त्या बटणाचा रंग मी पाहिला होता, कडेची गोलाई पाहिली होती. वाचलं मात्र पहिल्यांदा बाबांनी.

“म्हणजे बाबांना कळलं नाही,” नवरा म्हणाला.

“बाबांना बरोबर कळलं. माझ्या पानाला मराठी आलं नाही. सोमवारी खरी पैज आहे, तोवर धीर धर.”

आमचा प्रोग्रॅम लिहिणारा पोरगेला मित्र आहे, त्याला मी कोडोबा म्हणते. त्याला फोन लावला, तर म्हणाला, “ताई, नेक्स्ट म्हणजे पुढेच ना? जगभर तसंच असतं.”

“जगाला जाऊन विचार, ऑपरेशन पुढे गेलं म्हणजे काय झालं.”

त्याने ते वाक्य पुटपुटून पाहिलं. मग म्हणाला, “आयला!” आणि नंतर, “बदलतो लगेच. पण मॅनेजरसाहेबांनी सगळा मजकूर कुलूपबंद केलाय. त्यांचा हुकूम आणा.”

म्हणून मी हॉस्पिटल गाठलं. मॅनेजरच्या टेबलावर प्लास्टिकचा एक भलामोठा डोळा ठेवलेला असतो, पाकळ्या उघडून आतलं दाखवता येणारा. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आहे, आणि त्याच्या शेवटच्या ओळी कपाटाआड गेल्या आहेत. डोळ्यांच्या हॉस्पिटलात! पण त्यावर मी त्या दिवशी बोलले नाही. एका वेळी एकच भांडण.

“मॅडम, संचालकांनी शब्दन्‌शब्द मंजूर केलाय,” तो म्हणाला. “आता एक काना-मात्राही हलणार नाही. एका म्हाताऱ्या माणसाला अडलं म्हणून काय...”

“मोतीबिंदूसाठी तुमच्याकडे कोण येतं हो? पाळण्यातली बाळं?”

तो चिडला. पेन उघडलं, बंद केलं. “सोमवारी सकाळी उद्घाटन आहे. आता हे नवं काढू नका.”

“बरं,” मी म्हटलं. “मग समजा, उद्घाटन आपण पुढे घेतलं तर?”

“पुढे?” तो खुर्चीतून अर्धा उठला. “छे छे! पुढे अजिबात नाही घ्यायचं! पाहुण्यांना निमंत्रणं गेलीत, मांडववाला ठरलाय. पुढे घेतलं तर संचालक मला...”

मी फक्त माझा लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. वर बुधवार, सकाळी दहा. खाली ‘पुढे’.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अरेच्चा,” तो म्हणाला आणि खाली बसला.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला स्वतःचा असा काही अभिमान वाटला की टेबलावरचा तो प्लास्टिकचा डोळा मला डोळा मारतोय असं वाटलं.

मग घासाघीस सुरू झाली. ‘पुष्टी करा’ लिहू या, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ते टॉनिकच्या बाटलीवर शोभेल. ‘सादर करा’ म्हणाला. मी म्हटलं, काय सादर करायचं, नाटक? चार माणसं घरात बोलतात तसं लिहा ना. शेवटी ठरलं: ‘ही वेळ पक्की करा’. आणि दुसऱ्या बटणावर ‘दुसरी वेळ बघा’. शब्द लांब झाले म्हणून मी बटणं रुंद केली. रिकामी ठेवलेली जागा तेव्हा कामी आली, हे मी त्याला दोनदा सांगितलं. बदल्यात त्याला सरकती ओळ हवी होती. ती मी मेले तरी दिली नसती. संचालकांचा फोटो बोटभर मोठा करून दिला. एवढं तडजोडीचं शहाणपण माझ्यातही आहे.

सोमवारी दुपारी बाबा टेबलाशी बसले. नवरा समोर हाताची घडी घालून. मी जीभ दातांखाली धरून. तालमीत हसणाऱ्या मला आता घाम फुटला होता. पैज बापलेकांची होती, पण हरलं असतं माझं पान, आणि त्यापायी एका चालत्याबोलत्या माणसाला उरलेलं आयुष्य गुमान बसावं लागलं असतं.

उजवा डोळा. वार. वेळ. शेवटचं पान आलं, आणि बाबांचं बोट पुन्हा हवेत थांबलं.

“ही... वेळ... पक्की... करा,” त्यांनी वाचलं. मान वर न करता मुलाला म्हणाले, “करू ना पक्की?” आणि उत्तराची वाट न बघता दाबलं.

‘तुमची वेळ पक्की झाली’, असं पानावर आलं. बाबांनी ते एकदा स्वतःसाठी वाचलं आणि एकदा मुलासाठी, जरा जास्तच मोठ्याने. मी चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. आनंदानेच. गॅस पेटवायचाच राहिला.

ऑपरेशन छान झालं. पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो होतो. डॉक्टरांनी सगळं ठीक म्हणून सांगितलं, आणि नवरा औषधं घेऊन येईपर्यंत बाबा बाकावर बसून फोन बघत होते. माझंच पान उघडलं होतं त्यांनी.

“अगं,” ते एकदम म्हणाले, “हे बटण हिरवं आहे?”

“हो मग! तुम्हाला काय वाटलं?”

“मला तर तेव्हा करडं दिसत होतं. मातकट.”

मी बघतच राहिले. ज्या हिरव्यासाठी मी जिवाचं रान केलं, तो त्यांना दिसलाच नव्हता. नुसत्या चार शब्दांवर ते तरून गेले होते. हसावं की रडावं कळेना, आणि मी हसले. त्यातला अर्धा मान तरी माझा, हे मी आजही सोडायला तयार नाही.

“छान आहे हो हिरवा,” बाबांनी माझी समजूत काढली.

आम्ही बाहेर आलो. हॉस्पिटलच्या पायऱ्या उंच आहेत. पहिल्या पायरीशी येताच नवऱ्याचा हात सवयीने बाबांच्या दंडाकडे गेला. बाबा थांबले. त्यांनी आधी त्या हाताकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे, अगदी निरखून. बऱ्याच दिवसांनी तो त्यांना स्वच्छ दिसत असावा.

“तू हो पुढे,” ते मायेने म्हणाले. “मी आलोच.”

नवरा क्षणभर घुटमळला. मग त्याने हात खिशात घातला आणि पायऱ्या उतरू लागला.