पानापानाची किल्ली

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, दाखवायला साधं बटणसुद्धा नाही. अक्षरजुळणीच्या एका दोन खोल्यांच्या कार्यालयात, खिडकीजवळच्या संगणकात माझा मुक्काम असतो. तिथे वहिनी पानं लावतात आणि त्यांचे धाकटे दीर, म्हणजे आमचे भावजी, प्रोग्राम लिहितात. मलाही त्यांनीच लिहिलं.

माझं काम सांगतो. तुम्ही पीडीएफ उघडता तेव्हा एकामागून एक पानं दिसतात. पण चित्रं आणि अक्षरांचे साचे पानात नसतातच. ते फाइलच्या पोटातल्या एका सामाईक कपाटात असतात. प्रत्येक वस्तू एकदाच ठेवलेली, आपापल्या कप्प्यात, कुलपात. पानाने आपल्याजवळच्या किल्ल्यांनी हवे ते कप्पे उघडायचे. कोणत्या पानाला कोणत्या किल्ल्या द्यायच्या, ते मी पाहतो. म्हणून वहिनींनी माझं नाव किल्लेदार ठेवलं. किल्ल्याचा पत्ता नाही, पण नाव किल्लेदार. मला ते फार आवडलं.

भावजी हुशार, पण स्वभाव टोकाचा. सुरुवातीला त्यांनी मला प्रत्येक पानाला सगळ्याच किल्ल्या द्यायला लावल्या. गंमत अशी की, एखादं पान वेगळं काढलं, की ज्या कप्प्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे, तेवढं सामान त्याच्याबरोबर निघतं. त्यामुळे एक पान पाठवायचं म्हटलं तरी अख्खं कपाट त्याच्या पाठीवर. लोकांचे फोन ते उघडताना धापा टाकू लागले. तक्रारी आल्या तसे भावजी दुसऱ्या टोकाला गेले. एका पानाला दिलेली किल्ली पुन्हा दुसऱ्या पानाला द्यायची नाही, असा नियम त्यांनी केला. मी हुकमाचा ताबेदार. फाइली सडपातळ झाल्या आणि माझं कौतुक झालं. कार्यालयातला संगणकही मोठा समजूतदार होता. पान कुलपापाशी अडलं की मागच्या पानाची किल्ली तो गुपचूप लावून द्यायचा, त्यामुळे सगळं आलबेल दिसायचं.

त्याच सुमारास वहिनींनी एक चित्रांचं पुस्तक केलं. आजारपणात ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलतं करणाऱ्या एका बाईंसाठी. पानावर चौकोन आणि चौकोनात चित्र. पेला, उशी, उघडी खिडकी. जे हवं त्यावर बोट ठेवायचं. शब्द मुद्दामच नव्हते, कारण अशा आजारात वाचनही रुसून बसतं. बाई त्यातलं एकेक पान वेगळं काढून ज्याला हवं त्याच्या घरी पाठवत. असंच एक पान एका म्हाताऱ्या सुतारकाकांकडे गेलं.

काही दिवसांनी सुतारकाकू ते पान छापून घेऊन कार्यालयात आल्या.

"हा एक चौकोन मोकळाच आलाय," त्या म्हणाल्या. "आणि हे नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतात. बाईंकडे सगळ्या पुस्तकावर शिकलेत ना, जागा पाठ झालीय बोटाला. मी पाणी दिलं, उशी दिली, खिडकी उघडून झाली, लावून झाली. नुसती मान हलवतात. काल तर पान भिरकावलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि मला मेलीला कळत नाही, काय हवंय ते."

भावजींनी पुस्तक उघडलं. "माझ्याकडे तर दिसतंय."

"तुमच्याकडे दिसून काय करायचंय, भावजी? पान त्यांच्या घरी आहे," वहिनी म्हणाल्या. "ते एकटं काढून बघा बरं."

भावजींनी एकटं काढलं. चौकोन मोकळा. तेच चित्र आधी दुसऱ्या एका पानावर येऊन गेलं होतं आणि त्याची किल्ली मी तिथे देऊन बसलो होतो.

"किल्लेदाराची चूक नाही," भावजी डोकं खाजवत म्हणाले. "मीच त्याला चिक्कू केलं."

"पण होतं काय तिथे?" काकूंनी विचारलं.

वहिनींनी पुस्तकातलं पान उघडून पडदा त्यांच्याकडे वळवला. चौकोनात दोन खुर्च्या होत्या, एकमेकींना लागून. एकीवर पुरुष, एकीवर स्त्री. दोघांच्याही हातात काही नव्हतं.

काकू बघत राहिल्या. "म्हणजे काही आणून द्यायचंच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"बसा ना थोडं, आम्ही पान नीट करून देतो," वहिनी म्हणाल्या.

"पान मागाहून पाठवा," काकू पदर सावरत उठल्या. "मला घरी जाऊन बसायचंय."

त्या गेल्यावर भावजींनी मला पुन्हा लिहायला घेतलं. वहिनी शेजारी उभ्याच होत्या. "पोर घराबाहेर पाठवताना त्याच्या पिशवीत त्याचं सगळं हवं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं नको. आणि काल थोरल्याला दिलं होतं, हे तर धाकट्याला सांगूच नये." तेव्हापासून मी प्रत्येक पान शेवटपर्यंत वाचतो, ते काय काय मागतं ते पाहतो आणि तेवढ्याच किल्ल्या देतो, मग त्या आधी कितीही पानांना दिलेल्या असोत. काकूंचं पान त्याच दिवशी संध्याकाळी गेलं.

आता मी म्हातारा झालो. दुसऱ्या खोलीत नवा, चपळ प्रोग्राम आलाय आणि मोठी कामं त्याच्याकडे जातात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कारण त्या पुस्तकाची पानं वहिनी अजून माझ्याकडूनच बांधून घेतात. तुमच्याकडे एवढंच मागतो, मित्रांनो. कुणी रिकाम्या जागेवर पुन्हापुन्हा बोट ठेवत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. तिथे काहीतरी आहे, हे त्याला ठाऊक असतं.