लेथचा पीळ

कारखान्यात सगळे त्यांना पाठीमागे मायक्रॉनसाहेब म्हणायचे. तपासणी विभागाचे प्रमुख होते ते. केसाइतका फरक दिसला की माल परत पाठवायचे, आणि पाठवताना कामगाराकडे असं बघायचे, की जणू त्यानं त्यांच्या ताटात खडा टाकलाय. तीस वर्षं लोकांच्या चुका मोजून ते निवृत्त झाले आणि घरी धातू कातायचा स्वतःचा लेथ घेऊन आले. मशीन त्यांनी आजवर चालवलं नव्हतं. चालवणाऱ्यांना नावं ठेवून ठेवून आपल्यालाही ते येतं, अशी त्यांची समजूत झाली होती.

गॅरेजमधल्या भिंतीवर त्यांनी हत्यारं लहान-मोठी लावून टांगली, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी डकवली आणि स्वतःला पांढरा कोट शिवून घेतला. बायकोनं विचारलं, "दवाखाना उघडताय का?"

त्यांना छोटंसं वाफेचं इंजिन करायचं होतं. सुरुवात एका वीतभर दांड्यापासून. दोन्ही टोकांना सारखी जाडी हवी, एवढंच. पण तेवढंच होईना. एक टोक बरोबर यायचं, दुसरं जाड. साहेबांनी दांडा पुसून पुन्हा मोजला, तरी तो सुधारला नाही.

पोलाद भिकार निघालं म्हणून दुसरं आणलं. मग विजेच्या दाबावर खापर फोडलं, मग हवेतल्या दमटपणावर. बेअरिंगं बदलून झाली. शेवटी संशयाची सुई स्वयंपाकघराकडे वळली.

"तुझ्या मिक्सरनं भिंत हादरते," ते बायकोला म्हणाले. "दहा ते एक मिक्सर लावत जाऊ नकोस."

"मग वाटण तुमच्या लेथवर काढून द्या," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन भाजीला गेली.

बाजारात तिला एक टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, भेटला. साहेबांच्याच कारखान्यातला, त्यांच्याच वर्षी निवृत्त झालेला, दोन गल्ल्या सोडून राहणारा. याची शाफ्टं साहेबांनी किती वेळा परत पाठवली, ते त्यांनीच घरी जेवताना कौतुकानं सांगितलेलं तिनं ऐकलं होतं. तिनं त्याला रविवारी चहाला बोलावलं. नवऱ्याला सांगितलं नाही.

रविवारी टर्नर गॅरेजच्या दारात उभा राहिला तेव्हा साहेबांनी आधी कोटाची बटणं लावली.

"सहज आलो," टर्नर म्हणाला. "वहिनी म्हणाल्या, दांडा त्रास देतोय."

"त्रास वगैरे काही नाही. कारणं तपासतोय."

टर्नरनं कारणांची वही बाजूला सरकवली आणि लेव्हलची पट्टी मागितली. लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब बैठकीवर, ती आडवी ठेवली, आधी या टोकाला, मग त्या टोकाला. इकडे पट्टीतला बुडबुडा मधोमध होता, तिकडे एका अंगाला पळाला.

"बेडला पीळ बसलाय. पायांचे बोल्ट कुणी आवळले?"

"मीच. पूर्ण ताकदीनं."

"दिसतंय. खाली फरशी उंचसखल आहे. तुम्ही आवळत गेलात, तसा बेड पिळत गेला. म्हणून दांडा एका टोकाला जाड."

त्यानं चारही बोल्ट सैल केले, पत्र्याचे तुकडे कापून एका पायाखाली एकेक सरकवत बुडबुडा दोन्हीकडे मधे आणला, मग हलक्या हातानं बोल्ट कसले. नवा दांडा कातला. साहेबांनी तो पाच ठिकाणी मोजला. चूक सापडावी म्हणून सहाव्या ठिकाणीही मोजला. सापडली नाही.

"आपलं सात नंबरचं मशीन असंच होतं," टर्नर हात पुसत म्हणाला. "फाउंडेशन खचलं होतं. मी तीनदा लिहून दिलं."

"माझ्यापर्यंत आलं नाही."

"आलं होतं. कामगाराचा निष्काळजीपणा, असा शेरा तुम्हीच मारलात. खाली सही होती. माझी बढती त्यावर गेली."

त्यानं हे चहात साखर कमी आहे इतक्या साधेपणानं सांगितलं. साहेब दांडा हातात धरून उभे राहिले. माफी मागावी असं वाटलं, पण त्याचा सराव नव्हता. "चहा गार होईल," एवढंच ते म्हणाले.

महिन्याभरानं हौशी यंत्रकारांच्या मंडळात साहेबांचं भाषण झालं. विषय होता, 'बेडचा पीळ: एक शोध'. बायको टर्नरला घेऊन पहिल्या रांगेत बसली. साहेब बुडबुड्यापर्यंत आले आणि त्यांची नजर खाली गेली.

"हे निदान," ते अडखळले, "एका सहायकाच्या मदतीनं..."

"अहो, सहायक कोण आणि प्रमुख कोण, तेही सांगा," बायको म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "निदान यांचं आहे," ते टर्नरकडे बोट दाखवून म्हणाले. "पीळ मी घातला होता. हा आणि सात नंबरचाही." सात नंबरचा काय ते कुणाला कळलं नाही. टर्नरला कळलं. त्यानं मान हलवली, पण हसला नाही.

भाषणानंतर साहेबांभोवती कुणी फिरकलं नाही. सगळे टर्नरभोवती जमले. कुणाचा ड्रिल थरथरत होता, कुणाच्या गिअरचा आवाज येत होता. तेव्हापासून त्याचे रविवार भरून गेले.

पुढे साहेबांचं इंजिन तयार झालं, पण झडपेतून वाफ गळू लागली. दोन दिवस मोजमाप केल्यावर त्यांनी फोन लावला.

"पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतो," टर्नर म्हणाला.

"त्याआधी नाही जमणार?"

"आधी लोकांचे नंबर लागलेत, साहेब. आणि तोवर उघडून बघू नका."

"बरं," साहेब म्हणाले आणि कॅलेंडरवर खूण करायला पेन शोधू लागले.