एक कपडा, एक क्रियापद

काचेच्या दाराबाहेर मी उभी होते. आत बबडीची इंग्रजीची तोंडी फेरपरीक्षा चालू होती. याही खेपेला नापास झाली, तर तिच्या मैत्रिणी तिसरीत जाणार आणि माझी लेक पुन्हा दुसरीत बसणार.

क्रियापदांची रूपं मी तिच्याकडून घड्या घालता घालता पाठ करून घेतली होती. एक कपडा, एक क्रियापद. पहिली घडी गो, दुसरी वेन्ट, तिसरी गॉन. समानार्थी शब्दांना मोजे: एक मोजा बिगिन, जोडीचा स्टार्ट. सासूबाई हसायच्या, "पोरगी इंग्रजी शिकतेय की इस्त्रीच्या दुकानात लागतेय?" महिन्याभरात साठ क्रियापदं तोंडपाठ झाली, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं.

"हात टेबलावर," आतून बाईंचा आवाज आला. "चुळबुळ नको. ब्रिंग?"

बबडीने दाराकडे पाहिलं.

"बरं, टेक?"

तिची बोटं वळवळली. बाईंनी पेन्सिलीने टकटक केलं, तशी बोटं थिजली. तिला येत नव्हतं असं नाही. मीच तिचे शब्द कपड्यांत गुंडाळून ठेवले होते.

दारावर पाटी होती, 'पालकांनी आत येऊ नये'. मी दार ढकललं.

"अहो, बाहेर थांबा!"

"बाई, तिच्या हातात काहीतरी द्या. रुमाल, फडकं, काहीही. घडी घातल्याशिवाय तिला आठवत नाही. माझंच चुकलंय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग फळा पुसायचं फडकं तिच्यापुढे टाकलं. "ब्रिंग."

खडूची धूळ उडाली. "ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट."

"टेक."

"टेक, टुक, टेकन."

सहा झाली. सातव्याला बाईंनी फडकंच काढून घेतलं. "थ्रो."

बबडीने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. हवेतच एक घडी घातली. "थ्रो... थ्रू..." दुसरी अर्धवटच राहिली, हात खाली आले. "थ्रोन."

"स्टार्टला दुसरा शब्द?"

"बिगिन." हात मांडीवरच.

बाईंनी कागदावर सही केली. "बसू दे तिसरीत. आणि तुम्ही, पुढच्या वेळी बाहेरच थांबायचं."

घरी पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. बबडीने एक टॉवेल उचलला आणि माझ्याकडे चोरून पाहिलं.

"आई, आज नुसत्याच घड्या घालू?"

"घाल," मी म्हटलं. "मोजे मी घेते."