काळ्या तोंडाचा तवा आणि नीलाची चानकी

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. नागपूरजवळ वाडीला, अमरावती रस्त्यालगतच्या एका घरात मी खिळ्याला टांगलेला असतो. माझा एक कान तुटला आहे आणि तोंड काळेकुट्ट आहे. तोंड काळे होणे ही माणसांत नाचक्कीची गोष्ट समजतात. आम्हा तव्यांत मात्र तीच प्रतिष्ठा! ज्याचे तोंड काळे आणि तुकतुकीत, त्याने पुष्कळ पोटे भरली असे खुशाल समजावे.

वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले आणि माझा जन्म झाला. खापा गावच्या बाजारात रुखमाबाईंनी मला टिचकी मारून, आवाज ऐकून निवडले. तेव्हा मी राखाडी, खरखरीत आणि अगदी बिनकामाचा होतो. त्यांनी आठ दिवस रोज मला चुलीवर तापवले आणि अर्ध्या कांद्याने तेल चोळले. तरी पहिली कितीतरी धिरडी मी चिकटवूनच ठेवली. रुखमाबाई रागावल्या नाहीत. हळूहळू तेल माझ्या अंगात मुरले आणि धिरडे उलटताना उलथन्याला जोर लावावा लागेनासा झाला.

बहात्तर साली त्यांच्या मुलीने, यमुताईंनी, वाडीला बालवाडी काढली. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याची एक खोली, दारात चूल, आणि हमालांची व ट्रक ड्रायव्हरांची तीस-बत्तीस मुले. बहुतेक जण सकाळी चहात टोस्ट बुडवून खाऊन आलेले असत. दहा वाजले की त्यांच्या माना गळत. तेव्हा रुखमाबाईंनी मला लेकीच्या हाती दिले.

यमुताई गव्हाच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ घालत, खूप पिकलेली केळी कुस्करून मिसळत, दूध आणि चिमूटभर मीठ घालून सैलसर भिजवत. साखर घालत नसत. ठिपके पडलेले केळे पुरेसे गोड असते. कधी केळ्याऐवजी पपई असे. एकदा त्यांनी नागपूरकराच्या हौसेने त्यात बियांसकट संत्री पिळली. दूध फाटले, धिरडी कडू झाली आणि मुलांनी ती गुपचूप कुत्र्याला घातली. कुत्र्यानेही खाल्ली नाहीत! तेव्हापासून बिया काढलेल्या संत्र्याच्या फोडी ताटलीत बाजूला मिळू लागल्या.

धिरडे तळहाताएवढे असे. लेकरांसाठी थापलेल्या छोट्या भाकरीला आमच्याकडे चानकी म्हणतात, म्हणून मुले यालाही चानकीच म्हणत. मला फार मान होता. चूल पेटली की मुले माझ्याभोवती कोंडाळे करून बसत आणि मी फुगून जात असे.

मग चौऱ्याहत्तर साली नीला आली. चार वर्षांची, काडीसारख्या पायांची. नुकताच तिला गोवर येऊन गेला होता. डॉक्टरांनी आता हिला पोटभर खाऊ घाला म्हणून सांगितले होते, पण पोर पेजेच्या दोन घोटांपलीकडे काही घेत नव्हती. तिची आई गोपिका तिला कडेवर घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबून माझ्याकडे पाहू लागली.

"बाई," ती म्हणाली, "माह्या पोरीले तव्यावरचं काही देऊ नका."

मित्रांनो, गोवर आला म्हणजे घरी माता आली असे मानायची आमच्याकडे रीत होती. माता असेपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. नीलाच्या आधी गोपिकेला एक मुलगा होता. त्याला गोवर आला तेव्हा तिचा नवरा धोंडबा ट्रक घेऊन लांब निघाला होता. त्याला शिदोरी हवी म्हणून गोपिकेने चौथ्याच दिवशी तवा ठेवला आणि भाकरी टाकल्या. मुलगा वाचला नाही. तिला कोणी बोल लावला नाही, तिने स्वतःच लावून घेतला. आता नीलाला न्हाऊ घालून महिना झाला होता, मातामायला, म्हणजे त्या देवीला, दहीभातही दाखवून झाला होता, तरी गोपिकेच्या चुलीवर तवा चढत नव्हता.

हे सारे तिने यमुताईंना खाली मान घालून सांगितले. मी ऐकत होतो. मला फार वाईट वाटले. तव्याने कोणाचे लेकरू नेल्याचे मी तरी कधी ऐकले नव्हते. पण माझे ऐकतो कोण?

पंधरा दिवस नीला आमच्यात बसली. चानकी वाटली जाऊ लागली की ती तोंड भिंतीकडे फिरवी, कारण आईने तसे बजावले होते. पण वास आला की तिच्या नाकपुड्या हलत. पोर उतरत चालली होती. एके दिवशी गाणे म्हणताना ती मटकन खाली बसली.

यमुताईंनी गोपिकेला बोलावले. त्या वाद घालतील, चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावतील असे मला वाटले होते. त्यांनी मला उचलले आणि तिच्या हातात दिले.

"तवा तुह्या घरी घेऊन जाय, गोपिका. तुह्या हातानं त्याले आंघोळ घाल. उद्या तूच चुलीवर ठेव. पीठ मी भिजवून ठेवीन."

 गोपिका मला पदरात गुंडाळून घेऊन गेली.

त्या संध्याकाळी तिने मला जे घासले, तसे जन्मात कोणी घासले नसेल. चिंच लावली, राख लावली, नारळाच्या शेंड्यांनी रगडले, शेवटी कडुनिंबाच्या पाण्याने धुतले. घासताना ती रडत होती. रुखमाबाईंनी मुरवलेले तेल, माझी सारी प्रतिष्ठा, मोरीत वाहून गेली. मी पांढराफटक पडलो. पण तिचा राग मला आला नाही. देवाचे भांडे घासावे तशी ती मला घासत होती.

सकाळी गोपिकेने मला बालवाडीच्या चुलीवर ठेवले.  तिने पीठ घातले, कडा सुटायची वाट पाहिली आणि उलथने घातले. धिरडे हलेना. तिने जोर केला तसे ते फाटले. दुसरे घातले, तेही चिकटले. तिने उलथने खाली ठेवले. तिचा चेहरा मला पाहवेना.

"पाह्यलं बाई? मातामाय नाही म्हणून राहिली."

मित्रांनो, मला वाचा असती तर तेव्हा मी ओरडलो असतो. यमुताईंनी वाकून माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांच्या सारे ध्यानात आले.

"माय काहून नाही म्हणन? तू त्याले इतकं घासलं, का तो पुन्हा नवा झाला. नव्या तव्यावर सगळ्यांचीच चिकटतात वं."

त्यांनी कांदा कापला, तेलात बुडवला आणि मला चोळू लागल्या. चिकटलेल्या धिरड्यांची खरवड काढून त्यांनी ताटलीत ठेवली होती. त्या दोघी माझ्याकडे वाकलेल्या असताना ताटलीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तिसरी चानकी हळूच सुटली आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई, अजून दे ना."

नीलाने ताटली चाटूनपुसून रिकामी केली होती. तिच्या हनुवटीला केळ्याचा करपलेला तुकडा चिकटला होता.  गोपिकेने तिसरी चानकी फुंकर घालून घालून निववली आणि आपल्या हाताने लेकीला भरवली.

पुढे गोपिकेच्या चुलीवर तवा चढला. मला मात्र काळे व्हायला वर्ष लागले.

या गोष्टीला बारा वर्षे झाली. आता यमुताई थकल्या. बालवाडीत बिस्किटांचे पुडे येतात, घरोघरी गॅस आला, हलकी भांडी आली. मी यमुताईंच्या घरी खिळ्यावर गंजत होतो. गेल्या रविवारी सोळा वर्षांची नीला आली, मला खाली काढून तिने फडक्याने पुसले आणि अर्धा कांदा तेलात बुडवला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला चिंच-राखेने घासू नका. पुसा आणि तेल लावा. आणि एखादी आई घाबरली असेल तर तिला हसू नका. तिलाही असेच जपावे लागते, आणि पहिली दोन चिकटणार हे धरून चालावे लागते.