लंबगोल बशीवरची रेघ

"अहो बाई, नवीकोरी आहे. एक ओरखडा दाखवा, फुकट देतो," जुन्या सामानाच्या दुकानाचा मालक ताईला सांगत होता.

ताईनं ती लंबगोल बशी दारापर्यंत नेली, उजेडात तिरपी धरली आणि मधोमध अंगठ्याचं नख फिरवलं. मग परत आणून ठेवली.

"म्हणूनच नको. हिच्यात कोणी जेवलंच नाही."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. माझ्या थोरल्या बहिणीचा हा उलटा कारभार मला पाठ होता. जुनी चिनीमाती घेताना लोक टवके आणि चरे दाखवून भाव पाडतात. ताई चरे असले तरच वस्तू घ्यायची. पाण्याचा जग असला तर मुठीजवळची नक्षी झिजली आहे का ते आधी बघायची. सूपच्या भांड्याचं झाकण दहा वेळा काढून घालून बघायची. "हा जग रोज जेवायला असायचा," असं ती अशा थाटात सांगायची, की जणू त्या घरात हिचंही पान मांडलेलं होतं.

त्या दिवशी मात्र दुकानाबाहेर पडून ती दहा पावलं गेली आणि परत फिरली. बशी काखोटीला मारूनच बाहेर आली.

"राहू दे. पहिला चरा आपल्याकडे पडेल," ती म्हणाली.

ताई एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात जेवण वाढायची. चार खणांचं ताट, त्यात एक डाव सूप, एक डाव भात, एक डाव भाजी, वर झाकण, झाकणावर खाटेचा नंबर. कोणाला मीठ नाही, कोणाला सगळं पातळ. गाडा ढकलत एक वॉर्ड बारा मिनिटांत उरकायचा. "तिथं कोणी कोणाला काही देत नाही गं," ती एकदा मला म्हणाली होती. "ज्याचं त्याचं ताट ज्याच्या त्याच्या पोटावर. भिंतीकडे बघत जेवतात बिचारे." सगळ्यांचं झालं की ती स्वतः गाड्याशेजारी उभ्यानं चार घास खायची. रविवारीसुद्धा. आजारी माणसाला रविवारीही भूक लागते.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची आणि दादा अकराचा. आम्हाला दोघांना ताईनंच वाढवलं. आमचे संसार मांडून दिले, स्वतःचा मांडायचा राहून गेला. मग कधीतरी हे जग आणि बशा सुरू झाल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कपाटाच्या पाच फळ्या भरून. निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा तिनं आठ खुर्च्यांचं टेबल आणलं. एकट्या बाईला आठ खुर्च्या कशाला, असं दादानं विचारलं. आठाचा हिशेब सोपा होता. दादाकडचे चार, आमच्याकडचे तीन आणि ती.

आता आमच्या बाजूचंही सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी वहिनीच्या हातून ताईच्या साखरदाणीचं झाकण पडून फुटलं होतं. ताई एक शब्द बोलली नाही. तुकडे गोळा केले, चिकटवले, साखरदाणी जागेवर ठेवली. तिच्या त्या गप्प बसण्यानं वहिनी धास्तावली. ताईच्या कपाटाला हात लावायचा नाही, हा आमचा कायदा त्या दिवसापासूनचा. आमची मुलं तर त्या कपाटासमोरून अंग चोरूनच जायची.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी तिनं आम्हा सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं.

आम्ही पोचलो तेव्हा ताई बेकरीत पाव आणायला गेली होती. माझ्याकडे किल्ली असते. दार उघडलं आणि आम्ही सगळे उंबऱ्यातच थांबलो. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेलं होतं. निळ्या काठाचं सूपचं भांडं, चेपलेला पितळी जग, पानांच्या आकाराच्या लहान बशा, आणि मधोमध ती लंबगोल बशी. वहिनी हळूच म्हणाली, "ताईंनी आपल्याला दाखवायला मांडलंय वाटतं. किती सुंदर दिसतंय." मुलांनी फोटो काढले.

"पण मग जेवायचं कुठं?" दादा म्हणाला.

"ती यायच्या आत आवरून ठेवू. तेवढीच तिची दगदग वाचेल," मी म्हणाले. हे मीच म्हणाले.

अर्धा तास लागला. मी हुकूम सोडत होते, वहिनी श्वास रोखून एकेक वस्तू कागदात गुंडाळत होती, दादा फळीवर लावत होता. आमचे हे तर दोन्ही हात खिशात घालून उभे होते, धक्का लागायला नको म्हणून. जग उचलला तर त्यात पाणी होतं. फुलांसाठी असेल, असं समजून मी ते खिडकीतल्या कुंडीत ओतलं. एक टवका उडाला नाही. मग वहिनीनं आणलेल्या कागदी प्लेटा टेबलावर मांडल्या. चांगल्या जाड होत्या, काठाला फुलं होती.

ताई आली. हातात पावाची पिशवी, चपला अजून पायातच. तिनं टेबलाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"आवरलंत होय," ती म्हणाली. "बरं केलंत."

"एकपण नाही फुटलं, ताई," वहिनी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली.

"हो ना. जपून केलंत."

पातेली स्वयंपाकघरातच राहिली. ताई डाव घेऊन ओट्याशी उभी राहिली आणि आम्ही प्लेटा घेऊन एकामागोमाग तिच्यासमोरून गेलो. एक डाव सूप, कागदी वाटीत. एक डाव भात. मुलं सोफ्यावर गेली, दादा टीव्हीसमोर. "तू बस की आता," मी दोनतीनदा म्हटलं. "बसते गं," ती म्हणाली आणि उभ्यानंच चार घास खाल्ले. चारच्या सुमाराला सगळे निघाले. कामं होती, दुसऱ्या दिवशी शाळा होती. जाताना दादा म्हणाला, "मस्त झालं जेवण. आणि तुला घासायलाही काही ठेवलं नाही."

मी मागे राहिले, कचरा बांधून द्यायला. मोरीत हात धुवायला गेले तर तिथं मोठा टब भरून ठेवलेला दिसला. साबणाचं पाणी. शेजारी आणखी एक टब, खळबळायला साध्या पाण्याचा. काठावर आठ नवी पुसणी, घड्या घालून. टबात हात घातला. सकाळी कधीतरी गरम असलेलं पाणी गार होऊन त्यावरचा फेस विरून गेला होता.

मला कुंडीत ओतलेलं पाणी आठवलं. ते आम्हाला प्यायला भरलेलं होतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की वळून ताईकडे बघवेना. एकतीस वर्षं तिनं या एका दुपारची वाट पाहिली आणि मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवली होती.

"ताई, आम्हाला वाटलं, तुला हात लावलेला आवडत नाही. त्या झाकणापासून."

ती टेबलापाशी बसली होती, शेवटच्या खुर्चीवर.

"त्या झाकणाचं मला बरंच वाटलं होतं," ती म्हणाली. "कोणीतरी चहा घेताना फुटलं ना ते. बोलले असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं, म्हणून नाही बोलले. चूक माझीच. सांगायला हवं होतं."

मी कपाट उघडलं. गुंडाळलेली लंबगोल बशी सोडवली, उरलेला भात आणि भाजी तिच्यात काढली. जग धुऊन पुन्हा पाण्यानं भरला आणि ताईपुढे ठेवला. ताईच्या जवळच्या खुर्चीवर नाही, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले. मधे सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. पोट भरलेलं होतं, तरी मी वाढून घेतलं.

"ताई, तो जग जरा इकडे दे."

ती उठली नाही. तिनं जग टेबलावरून सरकवला, मी उठून हात लांब करून घेतला. मग ती म्हणाली, "भात इकडे कर." मी केला. बराच वेळ आम्ही दोघी तेवढंच करत बसलो. इकडे दे, तिकडे घे. ती दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवली. तिला बसून, सावकाश जेवताना मी किती वर्षांनी पाहत होते, मला सांगता येणार नाही.

बशी रिकामी होत आली तेव्हा मी तळाला चिकटलेला भात चमच्यानं खरवडला, जरा जोरातच. करकर आवाज झाला.

"हळू," ताई सवयीनं म्हणाली. मग उठून माझ्याजवळ आली आणि वाकून पाहू लागली. पांढऱ्या बशीवर बोटभर लांबीची करडी रेघ उमटली होती. तिनं त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"चमच्याची आहे," मी म्हणाले. "धुतली की जाईल."

"मी हलक्या हातानं धुईन," ताई म्हणाली.