झाकण लावलेली वाक्ये

अंबाजी कन्नड मुलखातल्या नौबादचे. त्यांचे किशनराव, यांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली. किशनरावांचे नरसिंग, आणि नरसिंगांच्या पोटी शोभा. बाळंतपणात आई गेली, तेव्हा शेजारच्या सावित्रम्मांनी जातगोत न पाहता ही पोर आपल्या लेकाबरोबर छातीशी धरली. दुधाचे ऋण फिटत नाही, असे जाणती माणसे सांगतात. शोभाला ते मान्य नव्हते.

एकोणनव्वद साली ती दूध संघात संगणकाचे प्रोग्राम लिहू लागली. आज नौबादच्या केंद्रावर दुधाची पावती प्रथमच कन्नडातून निघायची होती. निघाली, पण दुधाच्या दर्जाची ओळ इंग्रजीतच!

"अक्का, यादीत होतं तेवढं सगळं कन्नड केलंय मी," भाषांतर करणारा गुरप्पा म्हणाला. "ही ओळ तुझ्या यंत्रानं दिलीच न्हाई."

"अण्णा, प्रोग्राम तर नीट चालायलाय!"

"सांजच्या दुधापर्यंत बघू," अध्यक्ष आप्पाराव म्हणाले. "न्हाईतर इंग्रजीच ऱ्हाऊ दे."

"व्हय की!" रांगेतून सावित्रम्मा कडाडल्या. "दूध आमचं, अन् चांगलं का वाईट ते दुसऱ्याच्या तोंडानं ऐकायचं!"

शोभाचा चेहरा उतरला. बाहेर सिद्धप्पा दुधाचे कॅन टेम्पोत चढवून निघायच्या बेतात होता. एक कॅन मागेच राहिला.

"ह्यो कामून ठेवलास रे, सिद्धप्पा?" सावित्रम्मांनी हटकले.

"झाकण न्हाई, अव्वा. आत अमृत का असंना, झाकणाबिगर मी उचलत न्हाई!"

शोभा ताडकन उठली. "कंस! अण्णा, कंस!"

प्रोग्राममधल्या भाषांतराच्या आज्ञेला, म्हणजे फंक्शनला, वाक्य द्यायचे, तर फंक्शनच्या नावापुढे कंसात घालून द्यावे, असा नियम होता. कंसावाचूनही प्रोग्राम बिनतक्रार चाले, म्हणून घाईत तिने काही ठिकाणी ते गाळले होते. परंतु भाषांतरासाठी वाक्ये वेचणारा दुसरा प्रोग्राम कंस दिसला तरच वाक्य उचले. उघडे वाक्य जागीच राही.

"बसा अण्णा, झाकणं लावायलेय मी!"

बोटे धावू लागली. कंस बसले. वाक्ये पुन्हा वेचली.

"आलं! अक्का, आलं की!" गुरप्पा खुर्चीतच उडाला, आणि राहिलेल्या ओळी कन्नडात सांगू लागला.

सायंकाळी छपाईयंत्र खरखरले. सावित्रम्मांनी पावती हातभर लांब धरली आणि अक्षरांवरून बोट फिरवले.

"हालु... उत्तम." कन्नडात हालु म्हणजे दूध. मग रांगेकडे वळून त्या गरजल्या, "हालु उत्तम!"

"आता आमची बी वाच, मास्तरीणबाई!" रांग हसली.

शोभा पुढे आली. "अव्वा, तुमच्या दुधाचं..."

"फिटलं गं पोरी. सगळं फिटलं."

सावित्रम्मांनी पावतीची घडी घातली आणि ती चोळीत, छातीशी खोचली.