मध्यंतरानंतरचा गोलकीपर

शनिवारी उपांत्य सामन्यात चेंडू अंगठ्यावर बसला, तेव्हाच व्हिट गॅरिटीला कळलं की हाड गेलं. सगळ्यांसमोर त्याने हातमोजा काढलाच नाही. चार वर्षं तो एशबर्न कॉलेजच्या गोलात उभा होता. संघ लॅक्रॉसच्या, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाच्या, अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोहोचला होता आणि सोमवारचा सामना त्याचा शेवटचा होता. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे बाकावर बसायचं.

हे फक्त लॉर्न पासेकला समजलं. तो व्हिटचा खोलीतला जोडीदार आणि संघाचा राखीव गोलकीपर. चार वर्षांत एकाही महत्त्वाच्या सामन्यात तो मैदानात उतरला नव्हता.

"अंगठ्याचं वांगं झालंय लेका," लॉर्न म्हणाला. "कोचना सांग."

"तू सांगणार आहेस?"

"नाही. सगळे म्हणतील, स्वतःला खेळायचं म्हणून चुगली केली. तुझं तू बघ."

सोमवारी बाल्टिमोरला स्टेडियम खच्चून भरलं होतं. गोलकीपरची ती रुंद जाळीची काठी वरच्या हाताच्या अंगठ्यावर तोलावी लागते. व्हिटची काठी दर वेळी क्षणभर उशिरा उठत होती. त्याच्या उजव्या खांद्यावरून मारलं की गोल होतो, हे समोरच्या टेनफोर्ड कॉलेजच्या पोरांनी लगेच हेरलं. मध्यंतराला नऊ-पाच अशी पिछाडी.

पण व्हिटला टोचलं ते वेगळंच. बचावातला डॅनिलो आता मुद्दाम चेंडूच्या आड येत होता. एक फटका त्याने बरगड्यांवर घेतला आणि ड्रेसिंग रूममध्ये तो वाकून कसाबसा श्वास घेत होता. आपल्या वाट्याचे चेंडू हा अंगावर झेलतोय, हे व्हिटला बघवेना. तो कोच डनलीव्हींसमोर गेला आणि त्याने हातमोजा उतरवला.

"कधीपासून?"

"शनिवारपासून, कोच."

डनलीव्हींनी तो अंगठा बघितला. "तू गाढव आहेस. बाकीचं उद्या ऐकवतो. पासेक, हेल्मेट घाल!"

लॉर्न पांढराफटक पडला. कोपऱ्यातल्या बादलीत ओकून आला.

"त्यांचा बावीस नंबर डावीकडे मान वळवतो आणि उजवीकडे मारतो," व्हिट त्याच्या कानाशी लागला.

"माहीत होतं, तर अडवला का नाहीस?"

"अंगठ्याला विचार."

लॉर्नवर आलेला पहिलाच फटका त्याच्या पायांमधून आत गेला. प्रेक्षकांतून कुणीतरी हसलं. त्यानंतर मात्र तो असा काही पेटला की बावीस नंबरचे तीन फटके त्याने ओळीने अडवले. प्रत्येक वेळी व्हिट बाकावरून घसा फाटेस्तोवर ओरडत होता. बारा-बारा बरोबरी झाली. जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकतो; तो टेनफोर्डने केला आणि सगळं संपलं.

लॉर्न गोलासमोर गवतावर बसून राहिला. व्हिट शेजारी जाऊन बसला.

"सुरुवातीपासून तू असतास तर जिंकलो असतो," व्हिट म्हणाला.

लॉर्न 'छे, छे' म्हणेल, अशी त्याला थोडी आशा होती.

"हो," लॉर्न म्हणाला. "जिंकलो असतो."

व्हिटच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं."

"चुकलंच. पण तू सांगशील असं मला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं." लॉर्नने बाहीने नाक पुसलं. "आईबाबा आलेत, वर प्रेक्षकांत बसलेत. पहिल्यांदा मला खेळताना बघितलं त्यांनी. चल, तूही चल."

व्हिट उठला आणि त्याच्या मागोमाग चालू लागला.